जुन्या जर्मन रकमा मराठीत आणताना : प्रकल्प नोंदी

३ जून

साहित्य : सोळाव्या शतकापासून १९९० पर्यंतची जर्मन पत्रे, हिशेबवह्या, प्रवासवर्णने आणि काही कथा. ही वही फक्त रकमांसाठी. व्यक्तिनामे आणि वजनमापे यांच्या वह्या वेगळ्या.

पहिला नियम, ज्यावर बाकीचे उभे आहेत : रक्कम दिसली की आधी तीन गोष्टी टिपायच्या. ठिकाण, साल आणि पैशाची जात. जात म्हणजे कुरांट (रोजच्या व्यवहारातली चांदी), सोने, की बँकेच्या खात्यावरचा पैसा. हे तिन्ही रकाने भरल्याखेरीज तळटीप लिहायला घ्यायची नाही. १८७१ पूर्वी जर्मनी नावाचे एक राज्यच नव्हते, तेव्हा ‘जुने जर्मन चलन’ असे एकच काही नव्हते. एका दिवसाच्या प्रवासात टालरचे ग्रोशन (पोटभाग) बदलत, कधी टालर जाऊन गुल्डन (दक्षिणेतले चलन) येई. ‘टालर : जुने जर्मन चांदीचे नाणे’ एवढीच टीप वाचकाला काहीच देत नाही, म्हणून ती चालणार नाही.

तक्त्याचे रकाने : मूळ रक्कम जशी लिहिली तशी, आपले वाचन, ठिकाण, साल, जात, पोटभाग, एका एककातली शुद्ध चांदी, मराठी मजकुरातले रूप, टीप.

५ जून

टालरचे पोटभाग. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सविस्तर.

ब्रांडेनबुर्ग-प्रशिया आणि सॅक्सनी : १ राइशटालर (हिशेबातला टालर) = २४ ग्रोशन, १ ग्रोशन = १२ फेनिग, म्हणजे टालरचे २८८ फेनिग. हा ग्रोशन पुढे ‘गुटे ग्रोशन’ म्हणून ओळखला जातो, कारण शेजारच्या हॅनोव्हर-ब्राउनश्वाइग भागात ३६ मारियनग्रोशनचा टालर चालतो आणि मारियनग्रोशन ८ फेनिगचाच असतो. २८८ फेनिग दोन्हीकडे तेच, वाटणी वेगळी.

प्रशियात १८२१ पासून : १ टालर = ३० सिल्बरग्रोशन = ३६० फेनिग. सॅक्सनीत १८४१ पासून : १ टालर = ३० नॉयग्रोशन, पण नॉयग्रोशन १० फेनिगचा, म्हणजे टालरचे ३०० फेनिग. १८५० सालच्या लाइप्झिगच्या पत्रातला फेनिग आणि त्याच साली बर्लिनहून आलेल्या पत्रातला फेनिग सारखे नाहीत.

हेसे-कासेल : ३२ आल्बुस, आल्बुसचे १२ हेलर. कोलोन : ७८ आल्बुस. आल्बुस हा शब्द सापडला म्हणून लगेच भाग द्यायला बसू नये. क्लेव्ह आणि बेर्ग : ६० ष्ट्यूबर. मेक्लेनबुर्ग : ४८ शिलिंग. ब्रेमेन : ७२ ग्रोटे, ग्रोटेचे ५ श्वारन, आणि तिथला टालर सोन्याच्या हिशेबातला.

दक्षिणेत गुल्डन : १ गुल्डन = ६० क्रॉयत्सर = २४० फेनिग. ४ क्रॉयत्सरचा १ बात्सन, म्हणून १५ बात्सनचा गुल्डन. हिशेबातला राइशटालर तिथे ९० क्रॉयत्सर, म्हणजे दीड गुल्डन.

गुल्डनसाठी कागदोपत्री ‘एफ-एल’ ही दोन अक्षरे येतात (फ्लोरिनची). ती पाहून सवयीने ६० क्रॉयत्सर धरले जातात. सॅक्सनीच्या वह्यांत ही अक्षरे माइसनच्या गुल्डनसाठी असतात आणि तो २१ ग्रोशनचा हिशेबी गुल्डन आहे. फ्रँकोनियातला गुल्डन ७५ क्रॉयत्सरचा. अक्षरे तीच, एकके तीन.

९ जून

पोटभाग ओळखण्याची खात्रीची रीत : वहीतलीच बेरीज करून पाहणे. नमुना :

१२ टालर १७ ग्रोशन ९ फेनिग
८ टालर ११ ग्रोशन ६ फेनिग

फेनिग १५ झाले. १२ फेनिगच्या ग्रोशनने १ ग्रोशन हातचा, ३ फेनिग उरले. ग्रोशन १७ + ११ + १ = २९. वहीत बेरीज ‘२१ टालर ५ ग्रोशन ३ फेनिग’ असेल तर टालर २४ ग्रोशनचा. ‘२० टालर २९ ग्रोशन ३ फेनिग’ असेल तर ३० सिल्बरग्रोशनचा. ‘२० टालर २९ ग्रोशन ५ फेनिग’ असेल तर फेनिगचा हातचा १० वर घेतला आहे, म्हणजे सॅक्सनी, १८४१ नंतर. एका बेरजेत प्रदेश आणि काळाचा अंदाज दोन्ही मिळतात.

यासाठी पानावरच्या निदान तीन बेरजा घ्याव्यात. एकच बेरीज जुळली नाही तर दोष बहुधा वाचनात असतो. जुन्या घसटी जर्मन लिपीत १ आणि ७, तसेच ३ आणि ५ एकमेकांसारखे दिसतात. तीनही बेरजा सारख्याच फरकाने चुकल्या तर मात्र पोटभाग चुकीचा धरला आहे असे समजावे.

वाचनाच्या आणखी दोन खुणा. फेनिगसाठी शेपटी ओढलेले ‘डी’ अक्षर येते (लॅटिन डेनारियस), ते पुष्कळदा नुसत्या वळणासारखे दिसते आणि सुटते. आणि रोमन आकड्याच्या शेवटच्या दांड्यावर आडवी काट असेल तर तो दांडा अर्धा धरायचा : तीन दांडे, शेवटचा कापलेला, म्हणजे अडीच.

१० जून

कालच्या अडीचला जोडून. जुन्या जर्मनमध्ये अपूर्णांक बोलण्याची जी रीत आहे ती इंग्रजीमार्गे आली की हमखास बिघडते. ‘आन्डरटहाल्ब’ म्हणजे दीड, ‘ड्रिटहाल्ब’ म्हणजे अडीच (तिसरा अर्धा), ‘फीरटहाल्ब’ म्हणजे साडेतीन. नावात जो क्रम येतो त्यातून अर्धा वजा करायचा. ‘ड्रिटहाल्ब’ साडेतीन समजला की एक पूर्ण टालर जादा लागतो. मराठीत दीड-अडीच जिवंत आहेत, तेव्हा मजकुरात तेच लिहायचे. ‘२.५ टालर’ फक्त तक्त्यात.

‘शॉक’ म्हणजे ६० नग. पण सॅक्सनीत पैशाच्या हिशेबात जुना शॉक २० ग्रोशनचा आणि नवा शॉक ६० ग्रोशनचा. विशेषण नसेल तर बेरजेनेच ठरवायचे.

१४ जून

आणे-पै वापरावेत का, यावर आजचा दिवस. मोह समजण्यासारखा आहे. ग्रोशनचे १२ फेनिग, आण्याच्या १२ पै. हॅम्बुर्ग आणि ल्युबेक इथे तर सांगाडा तंतोतंत जुळतो : १ मार्क = १६ शिलिंग = १९२ फेनिग, १ रुपया = १६ आणे = १९२ पै. ल्युबेकच्या घरातल्या संवादात ‘सहा आणे’ लिहिले तर वाचकाला क्षणात कळेल असे वाटते.

तरीही नाही. १७२६ पासूनच्या ल्युबेकच्या प्रमाणात कोलोनच्या एका मार्क वजनाच्या (२३३.८५६ ग्रॅम) चांदीचे ३४ मार्क (नाणी) पडत, म्हणजे एका मार्कात ६.८८ ग्रॅम शुद्ध चांदी. १८३५ च्या कंपनी रुपयाचे वजन १८० ग्रेन, त्यातले अकरा बारांश शुद्ध, म्हणजे १०.६९ ग्रॅम. सहा शिलिंगांत २.५८ ग्रॅम चांदी, सहा आण्यांत ४.०१. रचना सारखी, मोल दीडपटीहून जास्त. शिवाय आणा म्हटले की पाठोपाठ पेशवाई-इंग्रजी अमदानीतला सगळा बाजार मनात येतो आणि समोरची बाल्टिक किनाऱ्यावरची पेढी पुसली जाते.

ठरले : मजकुरात मूळ एकक. आणे-पैंचे साम्य प्रस्तावनेत एकदा, हिशेबाची रीत समजावण्यापुरते. ज्यांच्या घरात अजून ‘सोळा आणे खरे’ म्हटले जाते त्यांना १६ आणि १२ चे गणित वेगळे शिकवावे लागत नाही, हा मराठी वाचकाचा मोठाच फायदा आहे आणि तो घ्यायला हवा.

हॅम्बुर्गच्या शिलिंगला पहिल्या उल्लेखात ‘मार्कचा सोळावा भाग’ हे शब्द जोडायचेच. नाहीतर वाचक इंग्रजी शिलिंग धरतो, आणि तो पौंडाचा विसावा भाग.

अपवाद : वाक्प्रचार. ‘हेलरच्याही मोलाचा नाही’ याला ‘फुटक्या कवडीच्या मोलाचा नाही’, आणि ‘हेलर-फेनिगपर्यंत हिशेब चुकता केला’ याला ‘पै न् पै चुकती केली’. तिथे रक्कम नसतेच.

१७ जून

व्याकरण, थोडक्यात. टालर, ग्रोशन, फेनिग, गुल्डन, क्रॉयत्सर, मार्क सगळे पुल्लिंगी, अनेकवचन तेच. ‘सातशे टालर मिळाले’, ‘तीस ग्रोशनचा टालर’, ‘टालरमागे’. ‘टालरांचा’ फक्त सुटी नाणी मोजली जात असतील तेव्हा.

२१ जून

चांदीचा रकाना कसा भरायचा. पाया : कोलोन मार्क हे वजन, २३३.८५६ ग्रॅम. त्यातून किती नाणी पाडली जात त्याने भागायचे. खाली क्रमाने : साल, प्रमाण जिथले ते ठिकाण, एका मार्कातली नाणी, एका नाण्यातली शुद्ध चांदी.

१५६६ चा साम्राज्याचा टालर : ९ → २५.९८ ग्रॅम
१६६७, त्सिना : १०½ → २२.२७
१६९०, लाइप्झिग : १२ → १९.४९
१७५०, प्रशिया (टांकसाळ-प्रमुख ग्राउमान यांचे प्रमाण) : १४ → १६.७०
१७५३, ऑस्ट्रिया-बव्हेरिया करार : १० टालर किंवा २० गुल्डन → टालर २३.३९, गुल्डन ११.६९
१८३७, दक्षिणेतला गुल्डन : २४½ → ९.५५
१८५७, व्हिएन्ना : पाया बदलला, ५०० ग्रॅमचा पौंड, ३० टालर → १६.६७

या आकड्यांत दोन गोष्टी गुंतलेल्या आहेत. एक, प्रत्यक्ष नाणे आणि हिशेबातले एकक. १५६६ च्या प्रमाणातले मोठे नाणे (स्पेत्सिएसटालर) टिकून राहिले, पण हिशेबाचा २४ ग्रोशनचा टालर हलका होत गेला. १७५३ नंतरच्या करारी टालरला सॅक्सनीत हिशेबात १ टालर ८ ग्रोशन मिळत. तेव्हा ‘स्पेत्सिएस’ हा शब्द गाळला की रक्कम पाव भागाने खाली येते. तो कधीही गाळायचा नाही.

दोन, मार्क हे वजन आणि मार्क हे नाणे. ‘इतके मार्क शुद्ध चांदी’ असे असेल तर ते वजन. शुद्धतेचे मापही त्याच घरातले : १६ लोट म्हणजे पूर्ण शुद्ध, लोटचे १८ ग्रेन (रुपयाच्या वजनातला इंग्रजी ग्रेन वेगळा). १२ लोट म्हणजे आपल्या भाषेत ७५० टंच. प्रशियाच्या टालरचे एकूण वजन २२.२७ ग्रॅम आणि टंच ७५०, त्यातून १६.७० शुद्ध. एकूण वजन आणि शुद्ध वजन यांची अदलाबदल झाली की प्रशियाचा टालर नेमका त्सिनाच्या टालरएवढा दिसू लागतो. तक्त्यात २२.२७ दिसला की थांबून साल पाहावे.

२२ जून

वरच्या रीतीची चाचणी दोन माहितीतल्या रकमांवर.

संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांनी २८ ऑक्टोबर १७३० ला लाइप्झिगहून गेओर्ग एर्डमान यांना लिहिलेल्या पत्रात आपले उत्पन्न सुमारे ७०० टालर सांगितले आहे. ठिकाण सॅक्सनी, साल १७३०, लाइप्झिगचे प्रमाण, टालर २४ ग्रोशनचा. ७०० × १९.४९ = सुमारे १३.६ किलो चांदी.

मोझार्ट यांना १७८७ मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात वर्षाला ८०० गुल्डनवर नेमले. ८०० × ११.६९ = सुमारे ९.४ किलो.

नुसते आकडे शेजारी ठेवले तर ८०० मोठे दिसतात. चांदीत पाहिले तर ७०० मोठे. टीप लिहिण्याचे सगळे कारण या दोन ओळींत आहे. (दुसरी रक्कम फक्त दरबारी वेतनाची आहे, एकूण कमाई नव्हे. टीपेत तसे लिहायचे.) चांदीचे आकडे छापताना जवळच्या शंभर ग्रॅमपर्यंतच. झिजलेली नाणी चालत होती, त्यामुळे दशांशातली अचूकता खोटी ठरते.

चांदी म्हणजे खरेदीची ताकद नव्हे. बाख त्याच पत्रात लिहितात की थ्युरिंगियात ४०० टालरमध्ये जे भागते ते इथे दुपटीतही भागत नाही, इतके राहणे महाग. एकाच साली, शेजारच्या प्रदेशात ही तऱ्हा.

२६ जून

‘आजचे किती रुपये?’ हा प्रश्न वाचक विचारणारच. मजकुरात आणि टीपेत रुपये किंवा युरो द्यायचे नाहीत. भाकरी, घरभाडे, कापड आणि नोकराचा पगार यांची आपसातली प्रमाणे तेव्हा पूर्ण वेगळी होती. भाकरीने मोजले तर एक उत्तर येते, मजुरीने मोजले तर त्याच्या कितीतरी पट. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचा जुन्या रकमांच्या खरेदीमूल्याचा तक्ता एकोणिसाव्या शतकापासून पुढे उपयोगी आहे, पण आपल्याला अंदाज घेण्यासाठी. छापण्यासाठी नाही.

त्याऐवजी त्याच गावातली, त्याच काळातली दुसरी रक्कम द्यायची. वायमारच्या दरबारात १७७६ मध्ये ग्योटे यांना वर्षाला १,२०० टालर ठरले. शिलर यांना १७९० मध्ये वायमारच्याच ड्यूककडून २०० टालर वर्षासन मिळू लागले. ३०० टालरचा उल्लेख आला तर या दोहोंमध्ये तो कुठे बसतो हे वाचक आपोआप पाहतो. अशी जोडी प्रत्येक प्रदेशासाठी शोधून ठेवणे हे सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात मोलाचे काम आहे.

१ जुलै

१६१९ ते १६२३. या काळातल्या रकमांसाठी चांदीचा रकाना रिकामा ठेवायचा. टांकसाळींनी हलकी चिल्लर बेसुमार पाडली, लोक वजनदार नाणी निवडून काढू लागले, आणि चांगल्या राइशटालरचा भाव चिल्लरीत काही ठिकाणी दहा गुल्डनच्या वर गेला. १६२३ मध्ये तो पुन्हा ९० क्रॉयत्सरवर बांधला. कर्जरोखा असेल तर कर्ज कोणत्या महिन्यात घेतले आणि कधी फेडले, दोन्ही तारखा टीपेत हव्यात, कारण तंटा त्यावरच पेटलेला असतो.

६ जुलै

सोने आणि बँकेचा पैसा. फ्रीडरिशडोर हे ५ टालरचे सोन्याचे नाणे, पण ते ५ टालर ‘सोन्यातले’. प्रशियाने १८३१ मध्ये त्याला कुरांटमध्ये ५ टालर २० सिल्बरग्रोशन असा भाव बांधला. ‘१०० टालर सोन्यात’ म्हणजे कुरांटचे ११३ टालर १० सिल्बरग्रोशन. रकमेमागचा ‘सोन्यात’ हा शब्द शोभेचा वाटून गळतो आणि तेरा टालर जातात.

हॅम्बुर्गचा बांको मार्क नाण्यात कधी नव्हताच. १६१९ च्या बँकेच्या खात्यांत तो एका नावावरून दुसऱ्या नावावर जाई. कुरांट मार्कपेक्षा तो महाग. ‘मार्क बांको’ असेच ठेवायचे; ‘बँकेचा मार्क’ केले की तो नोटेसारखा वाटतो.

११ जुलै

१८७१-७६. ४ डिसेंबर १८७१ चा सुवर्णनाण्यांचा कायदा, ९ जुलै १८७३ चा नाणे कायदा, १ जानेवारी १८७६ पासून साम्राज्यभर १०० फेनिगचा मार्क. १ टालर = ३ मार्क, ७ दक्षिणी गुल्डन = १२ मार्क, ब्रेमेनचा सोन्याचा टालर ३ ९/२८ मार्क, हॅम्बुर्गचा बांको मार्क दीड मार्क.

पण तोंडातली नावे कायद्याने बदलत नाहीत. टालरची नाणी ३ मार्क म्हणून १९०७ पर्यंत चालली. ग्रोशन म्हणजे १० फेनिगचे नाणे. बर्लिनमध्ये ५ फेनिगला ‘झेक्सर’ म्हणजे ‘सहाचे’ म्हणत, कारण अर्धा सिल्बरग्रोशन ६ फेनिगचा होता. १९२० च्या सुमाराच्या बर्लिनमधल्या संवादात ‘सहाचे’ आले की टीपेत ५ फेनिगच लिहायचे. ‘ग्रोशन = टालरचा तिसावा भाग’ ही टीप १८७६ नंतरच्या मजकुराला चिकटू नये म्हणून सालाची अट शोधसूचीत टाकली.

१८ जुलै

१९२२-२३. इथे एककाची नाही, संख्येची अडचण. जर्मन ‘मिल्यार्ड’ म्हणजे १०० कोटी. जर्मन ‘बिल्योन’ म्हणजे एकावर बारा शून्ये, १ लाख कोटी. इंग्रजी बिलियन त्याचा हजारावा भाग. इंग्रजीच्या सवयीने वाचले की हजारपट चूक होते आणि १९२३ मध्ये ती कोणाच्या डोळ्यांत खुपतही नाही, कारण सगळेच आकडे अशक्य दिसतात.

मराठी रूप : लाख आणि कोटी. अब्ज, खर्व, निखर्व टाळले, कारण बहुतेक वाचक ते शून्यांत मोजू शकत नाहीत. ५० मिल्यार्डचे टपाल तिकीट = ५,००० कोटी मार्क. १०० बिल्योनची नोट = १०० लाख कोटी मार्क.

तारीख दिवसापर्यंत हवी. एका डॉलरचा भाव : जुलै १९१४ ला ४.२० मार्क; १९२३ मध्ये महिन्याच्या सरासरीने जानेवारीत सुमारे १८ हजार, जुलैत साडेतीन लाख, ऑगस्टमध्ये ४६ लाख, सप्टेंबरमध्ये ९.९ कोटी, ऑक्टोबरमध्ये २,५०० कोटींच्या वर; २० नोव्हेंबरला ४.२ लाख कोटी. १५ नोव्हेंबरपासून रेंटेनमार्क, १ लाख कोटी कागदी मार्कांना एक. ‘कागदी मार्क’ हे नाव टीपेपुरते. पत्र लिहिणारा नुसते ‘मार्क’ लिहितो, मजकुरातही तेच.

२३ जुलै

दोन दूरची प्रकरणे, दोन्हींचा भारताशी खरा संबंध.

एक : तांबडा समुद्र, येमेन, अबिसिनिया (आजचा इथिओपिया) इथल्या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन प्रवासवर्णनांतला ‘टालर’ बहुतेक मारिया तेरेसा टालर असतो. नाण्यावर साल नेहमी १७८०, कारण राणीच्या मृत्यूनंतरही तोच ठसा चालू ठेवला. २८.०७ ग्रॅम वजन, ८३३ टंच, २३.३९ ग्रॅम शुद्ध. लिहिणारा प्रशियाचा म्हणून १६.७० धरायचे नाही. हा टालर १९४०-४१ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही पाडला गेला; टीपेत एक वाक्य द्यावे.

दोन : जर्मन पूर्व आफ्रिकेचा रुपया, १८९० पासून. वजन आणि चांदी भारतीय रुपयाइतकीच, १ रुपया = ६४ पेसा, आपल्या जुन्या ६४ पैशांसारखे. किनाऱ्यावर भारतीय व्यापाऱ्यांचा रुपया आधीच चालत होता. १९०४ मध्ये पेसा जाऊन १०० हेलर आले आणि १५ रुपये = २० मार्क असा दर बांधला. मराठीत नुसते ‘रुपया’ लिहिले तर वाचक गोंधळणार, म्हणून प्रत्येक प्रकरणातल्या पहिल्या उल्लेखात ‘जर्मन वसाहतीचा रुपया’. इथला हेलर रुपयाचा शंभरावा भाग आहे. कासेलच्या आल्बुसच्या हेलरशी त्याची टीप जोडायची नाही.

३० जुलै

१९४८ नंतरचे पटकन. २० जून १९४८ पासून पश्चिमेकडे डॉइच मार्क, सुरुवातीला माणशी ४० मार्क रोख. पूर्वेकडच्या चलनाची नावे बदलत गेली : १९६४ पर्यंत तेही डॉइच मार्क, नंतर १९६७ पर्यंत ‘नोटबँकेचा मार्क’, १९६८ पासून ‘जीडीआरचा (पूर्व जर्मनीचा) मार्क’. १९५५ च्या पत्रात ‘डॉइच मार्क’ दिसला तर पाकिटावरचे गाव पाहायचे. १ जुलै १९९० ला पूर्वेकडेही पश्चिमेचा मार्क लागू.

४ ऑगस्ट

छपाईपूर्व तपासणीचा क्रम. आधी मजकुरातली प्रत्येक रक्कम तक्त्यातल्या ओळीशी जुळवणे. मग ‘स्पेत्सिएस’, ‘कुरांट’, ‘सोन्यात’, ‘बांको’ हे चार शब्द मुळात किती वेळा आणि मराठीत किती वेळा येतात ते मोजणे. फरक पडला तर जागा शोधणे. मग हिशेबवह्यांच्या सगळ्या बेरजा मराठी पानावरून पुन्हा करणे. मुळातच बेरीज चुकलेली असेल तर ती तशीच छापायची आणि टीपेत बरोबर आकडा द्यायचा. शेवटी टीपा सालाप्रमाणे लावून वाचणे : १८२१, १८४१ आणि १८७६ या तीन रेषांच्या दोन्ही बाजूंना एकच टीप आढळली तर ती फोडायची.

बाकी : मेक्लेनबुर्ग आणि क्लेव्ह यांच्यासाठी पगारांच्या जोड्या अजून मिळायच्या आहेत. त्या मिळेपर्यंत तिथल्या टीपांत फक्त पोटभाग आणि चांदी.